टेकडीवरची बांबूची तिपाई

इंदोरा, नागपूर
१८ नोव्हेंबर १९७३

ती. दादास,
जयाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गोपिकावहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. तू मात्र अर्धं पान मुंबईच्या घामावर खर्च केलंस. इथे सकाळी पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही, त्यामुळे तुझी कीव करायला आम्हाला सवड नाही.

आता मायच्या डोळ्यांचं. डॉक्टरांनी पुन्हा तपासले. आतला पडदाच विरत चालला आहे, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, असं म्हणाले. वीतभर अंतरावरचं तिला अजून स्वच्छ दिसतं. तांदळातला खडा नाकाशी धरून बरोबर टिपते. त्यापलीकडे सगळं धुकं. आणि ही वीतसुद्धा किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. मायनं उलट डॉक्टरांनाच विचारलं की, पोरीचं तोंड जवळून दिसते नं, मंग आणखी काय पायजे.

पण दादा, संध्याकाळी ती दारात खाट टाकून बसते आणि मला विचारते की समोर काय दिसून राहिलं. मी सांगते, चिंच आहे, तार आहे, तारेवर पोपट आहेत. थोड्या वेळानं ती तिच्या माहेरचं, धामणखेड्याचं बोलायला लागते. तिथली टेकडी, मोहाची झाडं, नदीची रेती. परवा म्हणाली, दूर म्हणून काही उरलंच नाही वं जगात, कोणीतरी सारं पुसून नेलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक वेड शिरलंय. दूरचं सगळं उचलून तिच्या वीतभर अंतरात आणून ठेवलं तर? टेकडीवरून सगळं धामणखेडं दिसतं. त्याचा फोटो काढायचा. छोट्या कॅमेऱ्याचा फोटो मोठा केला की त्याचे दाणे फुटतात, आणि माय नाकाशी धरणार म्हणजे तिला गाव न दिसता दाणेच दिसणार. पण मी काम करते त्या सदर बाजारातल्या स्टुडिओत मनोहररावांचा तो जुना भात्याचा कॅमेरा पडून आहे नं, त्याची फिल्मच पाटीएवढी असते. तेवढाच कागदावर उतरवला तर पान न् पान मोजता येईल. मनोहरराव मालक असूनही न कुरकुरता द्यायला तयार झाले. कॅमेरा घडी होतो, मला झेपतो. झेपत नाही तो त्याचा सागवानी स्टँड.

मागच्या रविवारी आपला मामेभाऊ लहानू तो खांद्यावर घेऊन माझ्याबरोबर टेकडी चढला. वर धुकं. बिचारा दगडावर नवरदेवासारखा बसून राहिला. धुकं विरायच्या आत त्याला कापसाच्या वेचणीवर जावं लागलं, आणि स्टँडही त्याच्याबरोबर उतरला. उजेडासाठी मला पुन्हा पुन्हा जावं लागणार, एकटीनं. तिकडे दुकानं पाहून एखादा स्टँड शोधशील? हलका असावा, पण हलू नये.

तुझ्या मायेची सवय झालेली,
जया

परळ, मुंबई
२ डिसेंबर १९७३

चि. जयास,
आनंदचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्यावर रागावलो. हॉस्पिटलातून एक फुप्फुस ठेवून परत आलेल्या बाईनं टेकड्या चढायच्या? गोपिका म्हणाली की तुमच्या रागावण्यानं ती थांबणार आहे का, त्यापेक्षा दुकानं पाहा. तेव्हा वर्कशॉप सुटलं की मी दुकानं पाहत फिरतो आहे.

हलका दाखवा म्हटलं की बगळ्याच्या तंगड्या पुढे करतात, आणि पक्का दाखवा म्हटलं की तोफेचा गाडा. एका दुकानदारानं मला सांगितलं की आजकाल एवढा मोठा कॅमेरा कोणी वापरतच नाही. मी म्हटलं, आमच्या घरी वापरतात. जरा छाती फुगवूनच म्हटलं.

शेवटी अॅल्युमिनियमचा एक घेतला आहे. नळीत नळी जाते. गोपिकानं करंगळीवर उचलून दाखवला. शेजारचे रुपराव नागपूरला येताहेत, त्यांच्याबरोबर धाडतो. फिल्मचं पाकीटही त्यातच आहे. या मापाची फिल्म आता सहज मिळत नाही, जपून वापर. शेवटची बारीक नळी बाहेर काढू नकोस, आणि मधली दांडी वर चढवू नकोस. उंची वाढली की डुलणं वाढतं.

एक शंका राहून राहून येते. जे हातातून चाललं आहे तेच समोर धरलं तर माय खचणार तर नाही? तुला कळतं तसं कर. इथे समुद्र दिसला की मला तिची आठवण येते. पाणी आणि आभाळ कुठे वेगळं होतं ते मलाही दिसत नाही, तर तिला सगळंच तसं दिसत असेल का?

प्रकृतीला जप. मायच्या पाया पडल्याचं सांग.

तुझाच,
दादा

इंदोरा, नागपूर
२७ डिसेंबर १९७३

ती. दादास,
जयाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा स्टँड पोचला. इतका हलका की स्टुडिओच्या अंगणात मी तो छत्रीसारखा फिरवून दाखवला. मनोहररावांनी त्याच्या डोक्यावर बोट ठेवून दाबून पाहिला आणि तसाच मला परत दिला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

टेकडीवर मात्र एकटी गेले! थांबत, बसत, पण गेले. दादा, तुला एकदा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून दाखवलं पाहिजे. मागच्या दुधी काचेवर गाव उलटं उतरतं. घरं वरून लोंबतात, मोहाची झाडं आभाळात मुळं रोवून उभी असतात, आणि धुकं खाली साचतं, जणू तेच जमीन. गुरं निघाली, तीही उलटी, माशीसारखी छताला चिकटून. कापडाखाली स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. मी फोटो काढायचा विसरून किती वेळ पाहत होते कोण जाणे.

मग वारा सुटला. सगळं गाव नीट टिपायचं तर झडप सावकाश उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात तुझ्या नळ्या सतारीसारख्या थरथरायला लागल्या. पाय जागेवर होते, पण वरचा कॅमेरा पीळ घेत होता. एक झोत असा आला की सगळंच कलंडलं. मी कॅमेऱ्याला मिठी मारली म्हणून वाचला. माझ्या कोपराचं जाऊ दे. ती फिल्म धुतली तर प्रत्येक झाडाला दोन-दोन खोडं.

मायचा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. दिव्याचं वर्तुळ दिसतं म्हणते, दिवा नाही. कोपर पाहून तिनं मला चांगलंच झापलं, की एका टेकडीसाठी काहून जीव देऊन राहिली, टेकडी काही पळून चालली नाही. टेकडी नाही पळत दादा, डोळा पळतो आहे.

तुझ्यावर राग नाही. तू शोधलास तो हलका होताच. पुढे काय करावं ते मात्र सुचत नाही. सुचलं तर लिही, लवकर.

तुझी,
जया

परळ, मुंबई
१३ जानेवारी १९७४

चि. जयास,
आनंदचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

कोपराला हळद लाव आणि काही दिवस टेकडीचं नाव काढू नकोस, कारण त्या दिवसांत तुला दुसरं काम आहे.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा पुन्हा वाचलं. पाय जागेवर होते पण वरचा भाग पीळ घेत होता, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. दोष तिथेच आहे. एकेक नळी वर एका टिचभर जागी अडकवलेली, ती पिळणारच. जुने सागवानी स्टँड हलत नसत ते काही नुसत्या वजनामुळे नाही. त्यांच्या प्रत्येक पायाला वर दोन फाटे असतात, ते खाली टोकाशी एकत्र येतात. मग पीळ बसायला जागाच राहत नाही.

म्हणून तशीच वरची तबकडी मी इथे घडवली आहे. बाजूंना पितळी कान आहेत, त्यांत फाटे अडकवून पेच आवळायचे. वर्कशॉपातल्या दोस्तांनी विचारलं की हे काय करून राहिला. मी सांगितलं, बहिणीला टेकडीवर उभं राहायला पाय करतो आहे. मग सगळ्यांनीच हात लावला.

पाय मात्र तिकडेच कर. लाठीचा भरीव बांबू घे, बारीक आणि वाळलेला. प्रत्येक पायाला दोन दांडे, वर वीतभर फाकलेले, खाली एकत्र बांधून लोखंडी टोक बसव. आणि उभ्यानं फोटो काढायचा हट्ट सोड. बसून काढ. बुटका स्टँड निम्म्या वजनात होतो आणि वाऱ्याला कमी सापडतो. तबकडीखाली आकडा आहे, त्याला रिकामी पिशवी टांग आणि वर गेल्यावर दगडांनी भर. वजन तर हवंच, पण ते घरून कशाला न्यायचं? टेकडीवर दगडांचा काय तोटा.

काल मला स्वप्न पडलं. तिपाई आपल्या पायांनी टुणटुण टेकडी चढते आहे आणि तू मागून ओरडते आहेस, थांब वं, मला दम लागून राहिला. गोपिकाला सांगितलं तर हसून हसून तिचा खोकला परत आला.

आशीर्वाद तबकडीबरोबर बांधून धाडले आहेत,
दादा

इंदोरा, नागपूर
१७ फेब्रुवारी १९७४

ती. दादास,
जयाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

झालं! आधी हेच लिहिते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील.

पहिले बांबू ओले निघाले. बांधले तर रात्रीतून सैल पडले. दुसरे गच्चीवर उन्हात वाळवले, मनोहररावांनी स्वतः बसून सुतळी आवळली, वर सरस फासला. उसाच्या मोळीसारखी ती तिपाई मी खांद्यावर टाकली आणि काटोलच्या बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं की बाई, तंबू कुठे ठोकता.

लहानूकडे राहिले. रोज पहाटे वर जायची, दम लागला की बसायची, पुन्हा चालायची. कोणाला थांबवून ठेवलेलं नाही, म्हणून मनाला घाई नाही. कधी धुकं उठायचं नाही, कधी उजेड भलताच पांढरा. मी पिशवीत दगड भरून ठेवायची, कॅमेऱ्याशेजारी गवतात बसून राहायची. आजारपणात खाटेवर पडून मी छत पाहायची, तेव्हाही असंच काही करायचं नसायचं. पण तेव्हा मी संपण्याची वाट पाहत होते, आणि इथे उजाडण्याची.

गुरुवारी धुकं एकदम नाही उठलं. आधी विहाराचा निळा झेंडा वर आला, मग मोहाचे शेंडे, मग कौलं एकेक करून, जणू कोणी गावाची आठवण काढत होतं. वारा होता. कापडाचं टोक फडफडत होतं, माझे केस उडत होते. दुधी काचेवरचं गाव मात्र जागचं हललं नाही. मी झडप उघडली आणि श्वास धरला. असलेलं एक फुप्फुसही त्या वेळी स्वस्थ बसलं होतं.

काल छापला. मायच्या हातात दिला, मनोहररावांचं भिंग दिलं, आणि समोर बसले. ती काही बोललीच नाही. दुपार गेली, जेवण झालं, ती पुन्हा फोटो घेऊन बसली. गाव ओळखलं का विचारलं तर मान हलवली, ती हो होती की नाही तेही मला समजलं नाही. खरं सांगू? थोडं लागलं मला. आज उठल्यावर म्हणाली की आनंदले मी स्वतः पत्र सांगतो, तू लिही. ते याच पाकिटात आहे.

तुझ्या हातांना माझा नमस्कार,
जया

इंदोरा, नागपूर
१७ फेब्रुवारी १९७४

चि. आनंदले मायचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

जया लिहून राहिली. मी तिले सांगतलं का माह्या बोलण्यातलं काही सुधरवू नको, जसं हाय तसं लिही.

फोटो पायला. काचेनं पायला, बिनाकाचेचा पायला. डोळ्याले इतका जवळ धरला का कागदाचा वास आला. कौल न् कौल दिसलं. लहानूच्या दारातली खाट दिसली.

जयाले वाटते का मी हे सारं लहानपणी पायलं, अन् आता पुन्हा पाहून राहिली. तिले काय सांगू? त्या टेकडीवर मी लय वेळा गेली. पण चढताना गाव पाठीमागं राहे, अन् उतरताना डोक्यावर लाकडाचा भारा. भारा असला का मान वळत नाही, बापा. पायाखालचा दगड पाहा अन् उतरा. वर उभं राहून गाव पाहाले सवड कोणाले होती? माहं गाव मी आता पायलं, पहिल्या खेपेले. म्हणून बोलणं सुचलं नाही. पोरीले वाईट वाटलं असन, तिनंच लिहून घ्यावं.

आणखी एक सांगतो. टेकडीच्या पायथ्याशी गावाची मोठी विहीर हाय. आम्ही पोरी माह्या मायसंगं खाली घागरी घेऊन उभ्या राहू. कोणाले दया आली तं वरून पाणी ओते. वर ओट्यावर आपल्या लोकाइनं पाय ठेवायचा नाही. ओटा उंच, त्याच्यावर काय हाय ते खालून दिसे नाही. मी माह्या मायले विचारो का वर असं काय हाय वं, का आपल्याले जाऊ देत नाहीत. तिलेही माहीत नवतं. मले वाटे, लय मोठं काही असन.

जयानं वरून फोटो काढला तं ओटा सारा दिसून राहिला. मी भिंग धरून निगुतीनं पायला. एक बालटी हाय, अन् दोराचं वेटोळं. बस. बाकी काही नाही. मी भिंग पुसून पुन्हा पायलं. काहीच नाही, गा. एवढ्यासाठी माही माय उन्हात उभी राहे.

जया लिहिता लिहिता थांबली. मी म्हटलं लिही.

उजवा डोळा गेला. डावा जाईन तवा जाईन. जे पाहाचं होतं ते पायलं. तू अन् गोपिका या. कुठं काय हाय ते मी तुमाले बोट ठेवून दाखवीन, आता मले काच लागत नाही.

लोभ पत्रात मावत नाही, तो घरी येऊन घेऊन जा.

तुही माय,
कौसल्या