मनोऱ्याची भेग

ख्राइस्टचर्च

ती. आईस,
अनुयाचा इतक्या दुरून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते.

माझा भूकंपाचा रिपोर्ट स्वतःच्या नावावर खपवून मलाच कामावरून काढायला लावणारा यशोधन आठवतो? त्याने फ्रान्समधली त्याची जुनी गढी तळं-बागेसकट विकायला काढली. गिऱ्हाईक इथलंच निघालं, आणि त्यांनी तपासणीला मला पाठवलं.

मनोऱ्याची भेग त्याने नव्या चुन्याखाली लपवली होती. मी चुना खरवडला.

तो म्हणाला, "अनुया, जुनं विसर ना."

मी म्हटलं, "या रिपोर्टवर माझंच नाव असेल."

सौदा मोडला. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आई. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून इतका आनंद झाला, की माझीच मला भीती वाटली. बाबांना एवढं सांगू नकोस.

तुझीच,
अनुया