चौकटीबाहेरची करवली

अंबरनाथ पश्चिम,
८ ऑगस्ट १९९४

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंची बदली टळली हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून वेळ जाता जात नाही, तेव्हा एक उद्योग केला. एकवीस इंची टीव्ही आणला. हसू नकोस, तुझ्या बापाला म्हातारपणी क्रिकेटचं वेड लागलेलं नाही.

तुझ्या लग्नाची कॅसेट आई रोज दुपारी लावते. मंगलाष्टकं चालली आहेत, तू हार घेऊन उभी, आणि तुझ्या मागे करवली म्हणून आपली धाकटी उमा. कॅमेरावाल्याने तुम्हा नवरानवरीला मधोमध धरलं, उमा गेली पार कडेला. शेवटच्या ‘सावधान’ला ती खळखळून हसते, पण दिसतो एक डोळा आणि अर्धं तोंड. तिचे फोटो आहेत गं, पण फोटोत ती अशी हसत नाही.

आई म्हणाली, “आपला टीव्हीच लहान आहे. मोठ्यावर पोरगी पुरती मावेल.” बुडत्याला काडीचा आधार. मलाही पटलं.

कॅम्प दोनच्या बाजारातून टीव्ही आणून लावला. उमा तेवढीच. उलट ठिपके मोठे झाले आणि होता तो डोळाही फिसकटला. तणतणत दुकानात गेलो. दुकानदार बिचारा समजावत होता, “अंकल, चौदा लो या इक्कीस, माप वही है, चार बाय तीन. कॅमेरे ने लिया ही नहीं, तो टीवी कहाँ से दिखाएगा?”

मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. काविळीत उमा गेली तेव्हाही चारचौघांत रडलो नव्हतो.

आम्ही ठीक आहोत असं वर लिहिलंय, ते खरं नाही. आई आता काचेला गाल लावून कडेपलीकडे डोकावते. परवा तिने मला टीव्हीशेजारचं कपाट हलवायला लावलं. म्हणाली, “तिला उभं राहायला जागा नको का?” डॉक्टरांचं नाव काढलं की तोंड फिरवते.

मी तिची समजूत घालणार होतो. पण काल स्वयंपाकघरात जाताना त्या मोकळ्या जागेशी मीच अंग चोरून घेतलं, उमाला धक्का लागू नये म्हणून.

सुहास, तू ये. मला एकट्याला हे आता झेपत नाही.

तुम्हा दोघींचा,
बाबा