करंगळीशेजारचं बोट

१२ नोव्हेंबर

सहावं बोट! नातीच्या उजव्या हाताला, करंगळीच्या कडेला. हाड नाही, नुसतं देठाला लोंबतंय, वर इवलंसं नख. लेक रडली. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मी म्हटलं, अगं, बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढली मी. अशी बोटं काय थोडी पाहिली? दोरा आवळून बांधायचा — आठवड्यात वाळून गळून पडतं.

१५ नोव्हेंबर

सर्जनबाई म्हणे दोरा नको. सहा महिन्यांची झाली की भूल देऊन नीट काढू. वयानं माझ्या लेकीहूनही लहान, आणि मला शिकवते! एवढ्याशा जिवाला भूल कशाला — वाटाण्याएवढ्या मांसासाठी? लेक मात्र माना डोलावत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तुझे जुने उद्योग माझ्या पोरीवर नकोत हं."

जुने उद्योग!

१६ नोव्हेंबर

कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. लेकीलाही असंच होतं. तिसऱ्या दिवशी मीच बांधला दोरा, खाटेवर बसून, सासूबाई बघायला यायच्या आत. पोरीला कुणी सहाबोटी म्हणून चिडवायला नको! तिच्या बाबांनाही पत्ता लागू दिला नाही. बारीक उंचवटा राहिलाय, ती त्याला चामखीळ समजते.

काय वाईट झालं तिचं? शिकली, नोकरीला लागली, मलाच अक्कल शिकवते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बांधीन.

१९ नोव्हेंबर

रेशमी दोरा उकळून ठेवलाय.

२१ नोव्हेंबर

लेक अंघोळीला गेली. दोऱ्याचा फास केला, बोटापर्यंत नेला — तेवढ्यात आतून हाक, "आई, टॉवेल दे गं!" दोरा घाईघाईनं कमरेला खोचला. चोरी करत होते का मी? आजी आहे तिची! उद्या दवाखान्यात तपासणी आहे, ती उरकली की परवा बांधणारच. कुणाच्या बापाला भीत नाही.

२२ नोव्हेंबर

बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याला तपासताना सर्जनबाईंचं लक्ष लेकीच्या हाताकडे गेलं. तो उंचवटा त्यांनी अंगठ्यानं दाबला. लेक किंचाळलीच.

"तान्ह्या असताना कुणीतरी दोरा बांधलाय इथं. बोट गळलं, पण नस आत राहिली. तिची गाठ झालीय. दुखत असेल."

"शाळेपासून," लेक म्हणाली. "हात वहीवर टेकला की कळ यायची. आई म्हणायची, अभ्यास चुकवायचे बहाणे."

"कुणी बांधला होता?"

मी म्हटलं, "मी."

लेकीनं बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.