‘क’ची काकू

सोमवार, १२ जुलै १९९९

चूक माझीच. शनिवारी बालवाडीत सांगून बसले, “घरून ‘क’ची एक वस्तू आणा.” सगळी मळेवाल्यांची पोरं. आज टेबलावर कांदे, काकड्या, कारली आणि सात जणांची कोथिंबीर! सुरेखानं मात्र पदराला धरून स्वतःची काकूच आणली. काकूच्या हातात अर्धवट बांधलेली कोथिंबिरीची जुडी.

“पोरगी लय रडली बाई, म्हनून आले,” काकू म्हणाली.

नाशिकच्या बाजाराला माल जायची वेळ आणि ही इथे! मी चिडलेच. पण पोरं एकेका वस्तूला हात लावून नाव घेत होती. काकूची पाळी आली तशी सगळ्यांनी तिच्या डोक्याला हात लावला. ती जुडी घट्ट धरून हसत राहिली. मी फळ्यावर ‘क’ काढला, तर तिनंही मांडीवर बोटानं गिरवला. मग माझा राग कुठे गेला कोण जाणे.

जाताना दारात थांबली. “उद्या कोनतं अक्षर?”

“ख.”

“माझं नाव मंदा हाय, बाई. मंग ‘म’ कवा?”

मी पोरांना ओरडून सांगितलं, “उद्या ‘म’ची वस्तू आणा!” ‘ख’ काय पळून जातोय?

जुडी ती टेबलावरच विसरली. आत्ता ती निवडताना आठवलं, चार पोरांच्या घरी म्हैस आहे.