भिंगांच्या खोलीतला भंडारा

जुळे सोलापूर,
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थरूप जोतिराममामांच्या चरणी (अनवाणी चरणी; वहाणा अजून आमच्या कारखान्यातच आहेत, खुलासा पुढे येईल) भाची प्रियंकाचा साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलात ना? मेंढरं बरी आहेत ना? मेंढरांचं आधी विचारते, कारण मामीचं आधी विचारलं की तुम्ही "तिला काय धाड भरलीया" म्हणता आणि विषय मेंढरांवरच नेता. केरामामीचा गुडघा कसा आहे? मी तिच्यासाठी घेऊन ठेवलेलं तेल तुमच्याबरोबर पाठवणार होते, पण आज तुम्ही ज्या वेगानं गेटबाहेर पडलात तो वेग बघता तेल काय, मीसुद्धा मागं राहिले.

फोन करायचा सोडून पत्र का, असं वाटलं असेल. कारण सोपं आहे. फोनवर मी जरा आवाज चढवला की तुमची रेंज जाते. आईशी तासभर बोलताना जात नाही, माझ्याशीच जाते. पत्राची रेंज जात नाही. ते ऋतुजानं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. (ऋतुजा, बाप रागावला तरी मधलं काही गाळू नकोस. गाळलंस तर तुझ्या कॉलेजातल्या सगळ्या गोष्टी मला ठाऊक आहेत, एवढं लक्षात ठेव.)

तर मामा, सर्वप्रथम आपले आभार. आपल्या कृपेने आणि बिरोबाच्या आशीर्वादाने आजपासून मी भिंगांच्या खोलीतून मुक्त झाले. आता मी पॅकिंगला आहे. पुठ्ठ्याची खोकी घडी घालून उभी करते. फार मोकळं वाटतं. इथं धूळ चालते, शिंक चालते, डोकं वापरावं लागत नाही. हे सुख मला कधी लाभलं नसतं, तुम्ही होता म्हणून लाभलं.

तुम्ही गावभर सांगत असता की पोरगी चष्म्याच्या दुकानात काचा पुसती. आता नोकरी गेल्यातच जमा आहे, तर निदान काय गेलं ते तरी नीट ऐका. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकच काच नसते. एकामागं एक बऱ्याच असतात. कुठली मधे फुगीर, कुठली मधे खोलगट, काही तर तुरीच्या डाळीएवढ्या. त्या एका काळ्या नळीत ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या बाजूनं बसवायच्या, दोघींच्या मधे पातळ कडी घालायची, वरून आट्याची कडी फिरवून आवळायची. सैल राहिली तर काच हलते आणि फोटोतल्या नवरदेवाला दोन नाकं येतात. जास्त आवळली तर काच चिरते आणि साहेब आपल्याला चिरतात. हे सगळं हातानं. आणि हे करताना आत धुळीचा एक कण जाता कामा नये. नळी बंद झाल्यावर दिव्यासमोर धरून बघायचं, आत ठिपका दिसला की सगळं परत उकलायचं. म्हणून आम्ही डोळे सोडून सगळं अंग झाकणारा पांढरा पोशाख घालतो. टिकली नाही, काजळ नाही, बांगडी नाही, पावडर नाही. (आईनं पहिल्यांदा माझा फोटो बघितला तेव्हा तिनं घाबरून विचारलं होतं, कुणाच्या घरी काय झालंय का म्हणून.)

हे काम मला शिकवलं नागम्माक्कानं. अक्कलकोटच्या पलीकडची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी, खिडकीकडच्या खुर्चीवर बसणारी. माझा हात घाई करायला लागला की आपला हात माझ्या मनगटाखाली धरायची आणि म्हणायची, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडाला तिच्याच लेन्समध्ये पांढरे बारीक तंतू दिसायला लागले. आमचे शिवयोगी साहेब म्हणाले, ही बाई पावडर लावून येते, हिच्या पदराचे धागे पडतात, हिला आता वयामुळं दिसत नाही. तिनं सगळ्यांसमोर तोंड धुऊन दाखवलं, हात धुऊन दाखवले. काही उपयोग झाला नाही. तिला घरी पाठवलं. जाताना एवढंच म्हणाली, माझा हात घाण असंल तर मला परत बोलवू नका. तिची खुर्ची मला दिली, आणि काही आठवड्यांत तेच तंतू माझ्या लेन्समध्ये दिसायला लागले. साहेबांनी कानावर घातलं की गुरुवारी पुण्याच्या कंपनीच्या वैजयंतीबाई माल बघायला येणार आहेत, त्या दिवशी तुझ्या ट्रेमध्ये एक जरी ठिपका निघाला तर तू नागम्माच्या वाटेनं.

हे मी आईला सांगितलं. (ती माझी चूक. आईला सांगितलेली गोष्ट आणि एसटी स्टँडवर लाऊडस्पीकरवर सांगितलेली गोष्ट यात फरक एवढाच, की स्टँडवरची लोकांना समजत नाही.) आईनं तुम्हाला सांगितलं की पोरीच्या मागं काहीतरी लागलंय. आणि तुम्ही, सख्ख्या मामाच्या मायेनं, नेमका गुरुवार धरून निघालात. वर्षात इतके वार येतात मामा. लग्न ठरवायला आमच्या घरच्यांना एक मुहूर्त सापडत नाही, तुम्हाला माझ्या सत्यानाशाचा बरोब्बर सापडला.

आमच्या कारखान्यात पाहुणा आत सोडत नाहीत. पण गेटवरचा महेश्वर! जो माणूस माझा डबा रोज उघडून बघतो, त्यानं तुम्हाला उघड्या दारानं आत सोडलं, कारण तुम्ही आधी त्याच्या कपाळाला भंडारा लावलात. मी नंतर विचारलं तर म्हणतो, "ताई, देवाचं नाव घिऊन आलेल्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं?" मग तुम्ही बोळातून सरळ आमच्या काचेच्या दारापर्यंत आलात. खांद्यावर घोंगडं. लोकरीचं! जिथं मला सुती रुमाल आणायची परवानगी नाही, तिथं सबंध मेंढराची लोकर चालत आली. दाराबाहेर चिकट पायपुसणं अंथरलेलं असतं, बुटाची धूळ धरून ठेवायला. त्यानं तुमच्या वहाणा धरल्या. तुम्ही दोनदा हिसका दिलात, मग "ऱ्हावा हितंच" म्हणून त्यांना तिथंच सोडून अनवाणी पुढं झालात. हे सगळं मी आतून काचेतून बघत होते. हातात भिंग होतं, तोंडाला फडकं होतं, ओरडता येत नव्हतं आणि उठलं तर भिंग पडत होतं. काचेपलीकडं, बोळात, साहेब, त्यांच्या शेजारी वैजयंतीबाई, नुकत्याच आत यायच्या बेतात, हातात पांढरा पोशाख घेऊन उभ्या.

आणि तुम्ही पिशवीत हात घातलात. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आवाज असा की शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातले माग थांबले असतील. एक मूठ उजवीकडं, एक मूठ डावीकडं, आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी रुसू नये म्हणून उरलेला सगळा वर. मामा, जत्रेत उधळतात तेव्हा वर आभाळ असतं. इथं वर छत होतं. तो सगळा खाली आला. साहेबांचा निळा कोट पिवळा झाला. वैजयंतीबाईंचं डोकं, चष्मा, हातातला पांढरा पोशाख, सगळं पिवळं. मला तर वाटलं आता जमीन फाटली तर बरं. त्या बाईंनी मात्र चष्मा काढला, कपाळावरचा भंडारा बोटानं नीट सारखा केला आणि हात जोडले. पण साहेबांनी तुमच्याकडं असं बघितलं की तुम्हीसुद्धा, जे लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावता, ते वहाणा सोडून गेटकडं धावलात.

पुढं काय झालं ते तुम्हाला बघायला मिळालं नाही, म्हणून सांगते. तुम्ही उधळलात तेव्हा खोलीचं दार बंदच होतं, तरी साहेबांनी पोशाख घालून आत येऊन माझा ट्रे दिव्यासमोर धरला. पिवळं! माझ्या टेबलावर पिवळं, ट्रेवर पिवळं, एका उघड्या नळीत तर चक्क हळदीकुंकवाला बसावं तसा हळदीचा ठिपका. साहेब म्हणाले, ही मुलगी घरून अंगाला काहीबाही लावून येते आणि वर मामाला बोलावते. झालं. खुर्ची गेली, मी पॅकिंगला. महिनाअखेरीला तिथूनही जाईन असं सांगितलंय. नागम्माक्कानं निदान तोंड धुऊन दाखवलं होतं, मला तेवढाही वेळ मिळाला नाही.

तेव्हा मामा, हात जोडून विनंती. यापुढं माझं भलं करायला येऊ नका. माझ्या लग्नालासुद्धा विचार करून या. आणि ती भंडाऱ्याची पिशवी सोलापूरच्या वेशीच्या आत परत कधीही आणू नका. माझा राग खरा आहे, तो "लेकरू हाय" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आज मी जेवले नाही. मामीला नमस्कार, कुत्र्याला माझ्यातर्फे एक भाकरी.

आपल्या कृपेने देशोधडीला लागलेली,
प्रियंका

ता. क. (शनिवार): पत्र पोस्टात टाकायचं राहिलं. आज त्या वैजयंतीबाई परत आल्या. त्यांनी साहेबांना एकच गोष्ट विचारली, आणि ती इतकी साधी होती की आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. भंडारा उधळला बाहेर. दार बंद. मग आत गेला कसा? आमच्या खोलीत एक पंखा गाळलेली हवा सतत आत भरत असतो, म्हणजे फटीफटीतून आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरच्या धुळीला आत शिरताच येत नाही. निदान तसं साहेब पाहुण्यांना सांगतात. बाईंनी दाराशी वाकून बघितलं, तर फरशीवर पिवळी रेघ. दाराच्या फटीतून निघालेली, थेट खिडकीकडच्या खुर्चीपर्यंत, जिच्या डोक्यावर तो पंखा आहे. मग पंखा उघडला. पावसाळ्याच्या तोंडाला साहेबांच्या मेहुण्यांनी तो दुरुस्त केला होता. (तेव्हा त्यांचा नारळ देऊन सत्कारही झाला होता, फोटो नोटीसबोर्डावर आहे.) त्यांनी वायर उलटी जोडली होती. पंखा तेव्हापासून उलटा फिरतोय, खोलीतली हवा बाहेर फेकतोय आणि दाराच्या फटीतून बोळातली हवा आत ओढतोय. आणि बोळाची खिडकी उघडते टॉवेलच्या कारखान्याकडं. ते पांढरे तंतू कुणाच्या पदराचे नव्हते मामा. ते टॉवेलचे होते.

ता. क. दुसरा (सोमवार): पंखा सुलटा झाला. मला खोलीत परत घेतलं, कायमही करणार आहेत. साहेब आता सगळ्यांना सांगतात की त्यांना पंख्याचा पहिल्यापासून संशय होता. वरचं पत्र फाडावं असं एकदा मनात आलं, पण मी त्या रात्री खरोखर जेवले नव्हते, तेव्हा तुम्ही ते ऐकलंच पाहिजे. (ऋतुजा, इथं थांब आणि मामांचं तोंड बघ. हसत असतील तर पहिल्यापासून परत वाच.)

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच: नागम्माक्का फोन घेत नाही. साहेबांनी एकदा लावला, तिनं आवाज ऐकून कट केला. माझाही घेत नाही. कारखान्यातून आलेलं काहीच तिला नको आहे. ती गावी बचत गटात कडक भाकरी थापते असं कळलं. तो हात, मामा, भाकरी थापतोय, आणि त्या हाताला अजून वाटतंय की चूक त्याचीच होती. हे माझ्यानं सहन होत नाही. तुम्ही पुढच्या आठवड्यात मेंढरं घेऊन अक्कलकोटकडं उतरणार आहात, तुम्हाला कानडी येतं, आणि देवाचं नाव घेऊन आलेल्या माणसाला ती न्हाय म्हणणार नाही. म्हणून जा. ती पिशवी घेऊन जा, भरून घ्या. तिच्या कपाळाला भंडारा लावा आणि सांगा, ह्यानंच दाखवून दिलं, अक्का, तुझा हात स्वच्छ होता. खिडकीकडची खुर्ची मी रिकामी ठेवलीय, मी शेजारच्या टेबलावर बसते. ती लगेच हो म्हणणार नाही. तुम्ही घाई करू नका, तिच्याच शब्दात सांगा, निधान.

तुमच्या वहाणा मी पायपुसण्यावरून सोडवून महेश्वरच्या केबिनमध्ये ठेवल्यात. तिला बरोबर घेऊन याल तेव्हाच मिळतील. तोवर अनवाणी हिंडा.