यंदा ओरडणं सोडलं

मंगळवार, ५ ऑगस्ट १९८६

ठरलं! उद्यापासून श्रावणभर ओरडायचं नाही.

दर श्रावणात मी कारलं सोडतो. आज दिव्यांची आवस, मालन समया घासत होती. म्हणाली, "कारलं तुम्ही एरवी तरी कुठे खाता? सोडायचंच तर ओरडणं सोडा." मी म्हटलं, "मी कुठे ओरडतो?" खाली फाटकाजवळचं कुत्रं भुंकायला लागलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. अनू माझ्याशी बोलत नाही. गेल्या महिन्यात घाटकोपर डेपोच्या स्टॉपवर, तिच्या ऑफिसच्या मैत्रिणींदेखत, मी तिच्यावर ओरडलो. कशासाठी — तर छत्री विसरली म्हणून! तेव्हापासून सगळं आईमार्फत. मी हातभर अंतरावर बसलेला आणि ही म्हणते, "आई, बाबांना सांग, त्यांच्या चहात माशी पडलीय." एकुलती एक पोरगी. मला हे सहन होत नाही. नेम पाळला तर बोलेल.

मालन म्हणते, "तुमका जमाचा नाय." बघूच!

बुधवार, ६ ऑगस्ट

पहिला दिवस जमला. ताप होता, घसाही बसला होता. पण नेम तो नेम.

शनिवार, ९ ऑगस्ट

मेहुणा! मालनचा भाऊ बाळा नोकरी शोधायला मालवणहून आठ दिवसांसाठी आला, त्याला आता इथे दुसरे गणपती येतील. आज त्याने माझा ट्रान्झिस्टर दुरुस्त केला. हातात तीन स्क्रू घेऊन उभा. "भावोजी, हे उरले."

मी मोरीत गेलो, दार लावलं, रिकाम्या बादलीत तोंड घातलं आणि बोंब मारली. झकास वाटलं! बादलीत ओरडलेलं धरायचं नाही, असं मी ठरवलंय. बाहेर आलो तर बाळा लिंबू घेऊन दारात. "भावोजी, उलटी झाली?" अनू तोंड फिरवून हसली. हसली फक्त.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कारखान्यात माझ्या हाताखालच्या नंदकिशोरने स्टोअरची किल्ली हरवली. मी म्हटलं, "असू दे." तो इतका घाबरला की पाच मिनिटांत शोधून आणली! ओरडल्यावर अर्धा दिवस लागायचा. संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "राजाराम, दुसरीकडे नोकरी बघताय का?"

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला सोसायटीचा माइक बंद पडला. दरवर्षी पडतो, आणि दरवर्षी घोषणा मी देतो. यंदा गप्प उभा. कोणीतरी म्हटलं, "भारतमाता की —" आणि "जय" पहिल्या मजल्यापर्यंतही पोचलं नाही. लोक माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी फितूर झालो!

मंगळवार, १९ ऑगस्ट

नारळीभात. त्याआधी मालनने माझी दृष्ट काढली. तिला वाटतं, नुसत्या नेमाने मी इतके दिवस गप्प राहणं शक्यच नाही, कुणीतरी माझ्यावर करणी केलीय. मिरच्या जाळल्या, तिला ठसका लागला नाही — म्हणजे मोठीच दृष्ट! बाळा खोकून खोकून लाल झाला, पण त्याचा खोकला म्हणे मोजत नाहीत.

शनिवार, २३ ऑगस्ट

घरात बातमी फुटलीय — काय सांगायचं ते श्रावणातच सांगून टाका! मालनने सकाळी सांगितलं, माझी राखाडी पँट भांडीवालीला देऊन चाळणी घेतली. नवी पँट! दुपारी बाळा म्हणाला, माझ्या चपला त्याने देवळात घालून नेल्या आणि अनवाणी परत आला. मी दोघांना "वा, छान" म्हटलं.

बादलीला चीर गेलीय.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज जेवताना अनू म्हणाली, "आई, बाबांना सांग, रविवारी चारला मी एकाला घरी आणतेय. लग्नाचं विचारायला. श्रावण संपायच्या आत उरकू."

मी मान डोलावली. मोरीत गेलो, पण ओरडवेना. पोरीला माझी एवढी भीती वाटते? फार वाईट वाटलं. मुलगा कोण, काय करतो, काही विचारणार नाही. रविवारी तोंडात सुपारी धरून बसेन आणि फक्त हसेन.

रविवार, ३१ ऑगस्ट

चारला खाली गलका. एका टेम्पोवाल्याने फाटक अडवलेलं आणि कुणीतरी त्याला झापत होतं. काय गळा! आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याशिवाय असा आवाज कुणाचा नाही. मला राहवलं नाही. सुपारी थुंकली, गॅलरीत गेलो आणि सुरू झालो — तो खालून, मी वरून. टेम्पो पळाला!

मग आठवलं. चार दिवस राहिले होते हो! कपाळाला हात लावतो तोच बेल वाजली. दारात अनू. तिच्या मागे तोच खालचा गळा, घामाघूम.

"बाबा," — मला म्हणाली! आईला नाही, मला! — "हा जयवंत. आता दोघं बसा, आणि हळू बोला."