डोळ्याअलीकडची रेघ

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाचे. खोली झकास आहे. नळाला पाणी, खिडकीला गज, दाराला मजबूत कडी, आणखी काय पाहिजे? माझं काम ज्या उंदीरघरात, ते अंगणापलीकडेच.

ही वही नातीने हातात कोंबली. म्हणे, आजी, तू चौथीतनं शाळा सोडलीस, आता रोज चार ओळी लिही, मी चुका काढते. वय नऊ, तोरा हेडमास्तरणीचा. मी तिला ठकी म्हणते. तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडेच. मला जवळचं दिसत नाही, म्हणून वही लांब धरून मोठ्ठी अक्षरं काढते. चष्मा घेणार नाही, उगाच म्हातारी दिसायचं.

ठकीचं उलट. तिला लांबचं दिसत नाही. चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड आणि नंबर वाढतोच आहे. म्हणून तर ही नोकरी धरली. इथे याच दुखण्यावर काम चालतं. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्य डॉक्टर, ठकीचे डोळे बघायचं कबूल झाल्यात.

गुरुवार, ६ मार्च

उंदीर धरायला शिकले. शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरायचा आणि तळहातावर बसवायचा. पहिल्याच दिवशी एक चावला, मीही त्याला शिवी हासडली, फिटंफाट.

प्रत्येकाच्या एका डोळ्यावर धुरकट प्लास्टिकची टोपी चिकटवलीय. नीट दिसेनासं झालं की तो डोळा लांबत जातो. लांबट डोळ्याला फक्त जवळचं दिसतं, ठकीसारखं. हे मला मापं घेणाऱ्या टकलूने सांगितलं. तोंडावर मी साहेब म्हणते, तो मला मावशी म्हणतो.

आज माप होतं. उंदराला भूल द्यायची, कोमट गादीवर आडवा करायचा, टोपी काढायची, डोळा सुकू नये म्हणून थेंब टाकायचा. डोळा मिऱ्याएवढा, पण पडद्यावर कलिंगडाच्या फोडीएवढा दिसतो. ही पुढची कड, ही मागची, मधलं अंतर म्हणजे डोळ्याची लांबी. पुढची कड जागेवर राहते म्हणे, मागचीच मागे सरकते. मी म्हटलं, समोर कोण उभंय म्हणून एवढी मागे पळते? टकलू खूप हसला.

मंगळवार, ११ मार्च

उंदरांचं डोकं फिरलंय. टोपी काढलेली असली की शुद्धीवर आल्या आल्या उलटे चालतात. पाठमोरे सरकत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातात, ढुंगण भिंतीला लावतात आणि मान आखडून घेतात. मी हात हलवला, टाळी वाजवली, ढिम्म. बघतात ते नाकाच्या शेंड्यापुढे, जिथे काहीच नाही. टकलू म्हणाला, उजेडाने दिपत असतील. असतील बाबा.

मंगळवार, १८ मार्च

पडद्यावर तिसरी रेघ आली. डोळ्याच्या पुढे, बाहेर, हवेत. टकलूने माझ्यावरच खेकसून यंत्राची काच पुसून घेतली. मी म्हटलं, पुसते, पण घाण असती तर सगळ्याच डोळ्यांपुढे दिसली असती. रेघ दिसते फक्त टोपीतल्या डोळ्यापुढे. शिवाय वाकडी आहे. डोळ्याची कड बाहेर फुगलेली असते ना, तशीच हीपण फुगलेली, पण डोळ्याकडे. म्हणजे दोन डोळे समोरासमोर ठेवावेत तशी.

टकलूने गेल्या वेळची चित्रं उघडली. तिथेही ती होती, फिकट आणि डोळ्यापासून बरीच लांब. मग तो डबाही न खाता घरी गेला.

सोमवार, २४ मार्च

मोठ्या बाईंनी आज ठकीचा डोळा यंत्रावर घेतला. मला बाहेर बसवलं. मग टकलूला आत बोलावलं आणि दार लावलं. बाहेर आला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघेना. बाई म्हणाल्या, डोळा लांबलाय, दर सोमवारी आणा, मध्येच सोडलंत तर डोळे हातचे जातील.

मी सरळ विचारलं, रेघ आहे का? म्हणाल्या, तुम्ही पिंजरे धुवा.

गुरुवार, २७ मार्च

ठकी शाळेतून उलटी चालत घरात आली.

मी एक रट्टा दिला. मग जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, चष्मा लावला की दिसत नाही, काढला की दिसतं. तोंडाला अगदी लागून असतं. चेहरा कळत नाही, एवढं जवळ. फक्त डोळा. रोज थोडं पुढे येतं, म्हणून मी मागे सरकते.

मग मला धीर देत म्हणाली, आजी, तुझ्यापुढेपण आहे, पण तुला कुठे जवळचं दिसतंय!

मी लगेच तिचा चष्मा नाडीने डोक्याला घट्ट बांधला. सांगितलं, झोपतानासुद्धा काढायचा नाही.

शनिवार, २९ मार्च

टकलू काम सोडून गेला. निरोप नाही, काही नाही. त्याचा वाचायचा चष्मा टेबलावरच राहिलाय. मी पदराने पुसून कनवटीला लावला. का, ते मलाही ठाऊक नाही.

आज बाईंनी स्वतःच मापं घेतली. पहिल्या पिंजऱ्यातल्यांच्या डोळ्याची कड आणि ती बाहेरची रेघ एकमेकींना टेकल्यात. आता एकच रेघ. बाई खूश, डोळा लांबायचा थांबला म्हणतात.

थांबणारच. मागे पळणारं आत उरलंय कोण?

ते उंदीर आता उलटे चालत नाहीत. सगळे पुढे येऊन बसतात. माझ्याकडे बघतात. चावत नाहीत. मीच बोट पुढे केलं, तरी नाही.

सोमवार, ३१ मार्च

ठकीला यंत्रावर न्यायचं नाही. डोळे गेले तर गेले. पोर माझी राहू दे. बोचकं बांधलंय, शाळा सुटली की तशीच तिला घेऊन स्टँडवर—

शाळेतून तिला कुणी परस्पर नेलं. बाईंची गाडी होती म्हणतात. मी धावले. यंत्राच्या खोलीचं दार आतून बंद. लाथा घातल्या—

त्याच दिवशी

आली. सरळ चालत आली. डोळ्यांवर चष्मा नाही, तुटलेली नाडी हातात.

फाटकाबाहेरच्या बसवरची पाटी इथून घडाघडा वाचली. आजी, मी बरी झाले म्हणाली.

पापणी लववत नाही.

वही मागितली. पहिल्या पानापासून सगळं वाचलं.

एकही चूक काढली नाही. माझ्या ठकीने एकही—

मंगळवार

दाराची कडी आतून लावून ती दाराशी बसलीय. हसते. आजी, तो चष्मा लाव ना, म्हणते. कनवटीचं वहीत मीच लिहून ठेवलं होतं

नाही लावणार मी

ठकी आत कुठे आहे, विचारलं. म्हणाली, लाव, मग दिसेल

पोर आत असेल तर. अजून मागे सरकत असेल, एकटी, तर मला बघायला—

लावला.

अक्षरं किती स्वच्छ. वही जवळ धरता येते. पण अक्षरं आणि मी, यांच्या मध्ये

ओलं आहे. माझ्याच पापण्या त्याला घासता—

मी मागे सरकतेय, भिंत